मुंबई बंदरातले क्वारंटाइन आणि सरकारी कंत्राटे : खोटी कोणाच्या माथी बसायची?

इतिहासाच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे : १८९६-९७ च्या प्लेगमध्ये शहरात घरोघर झडत्या चालू होत्या, माणसे अर्ध्या जेवणावरून उठवून नेत होते, मग त्याच काळात मुंबई बंदर चालू कसे राहिले? क्वारंटाइनचे नियम ठरवत कोण होते? आणि सरकारी पुरवठ्याची कंत्राटे त्या वेळी कशी दिली जात? तिला हे तीन वेगळे प्रश्न वाटतात. माझ्या मते प्रश्न एकच आहे. हे उत्तर तिलाच उद्देशून आहे.

मी कुठून बोलतो ते आधी सांगतो. मी ३१ वर्षे मुंबई बंदरात जहाजांच्या एजन्सीत नोकरी केली, त्यातली बरीचशी बोर्डिंग क्लार्क म्हणून. परदेशातून जहाज आले की ते पिवळा बावटा लावून उभे राहायचे. 'माझ्या जहाजावर साथ नाही, मला मोकळीक द्या' एवढाच त्या बावट्याचा अर्थ. आम्ही लाँचमधून आरोग्य अधिकाऱ्यांबरोबर जायचो, कप्तानाने भरलेला आरोग्याचा जाहीरनामा पुढे करायचो आणि अधिकाऱ्यांची सही झाली की बावटा उतरायचा. या मोकळिकीला 'प्रॅटिक' म्हणतात. प्रॅटिक मिळेपर्यंत ना कोणी वर चढणार, ना खाली उतरणार. त्याच जहाजाला गोडे पाणी, भाजी, मटण, दोरखंड, इंधन पुरवण्याची ऑर्डरही आमच्याच टेबलावरून जायची. आरोग्याचा दाखला आणि पुरवठ्याची बिले एकाच फायलीत लागायची. निवृत्तीनंतर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जुने मरीन आणि प्लेगचे दप्तर वाचू लागलो, तेव्हा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीही कागद असेच एकमेकांना चिकटलेले दिसले.

त्यांना जोडणारा शब्द म्हणजे खोटी, म्हणजे अडून वाया गेलेला वेळ आणि त्याचा भुर्दंड. जहाज एक दिवस नुसते उभे राहिले तरी खलाशांचा पगार चालू राहतो, बॉयलर पुरता विझवता येत नाही म्हणून कोळसा जळतो, उतारूंना जेवण घालावे लागते, माल घेणारा व्यापारी हातावर हात ठेवून बसतो. क्वारंटाइन म्हणजे कायद्याने घातलेली खोटी. आणि त्या खोटीचे पैसे कोणी भरायचे हे ज्या कागदावर ठरते तो म्हणजे कंत्राट. म्हणून माझा सगळ्या अभ्यासकांना आग्रह असतो की साथीचा नियम वाचताना त्याच वर्षाचे कंत्राट शेजारी ठेवा. एकटा नियम वाचला तर तो डॉक्टरांनी लिहिल्यासारखा दिसतो.

बंदर कोणाच्या हातात होते हे थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईचा पूर्व किनारा तुकड्यातुकड्यांनी खाजगी हातांत होता. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी बांधलेला भाऊचा धक्का आपल्याला आठवतो. स्वतःच्या पैशाने धक्का बांधायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर शुल्क घ्यायचे, अशी ती व्यवस्था होती. १८५८ मध्ये एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी निघाली आणि किनाऱ्याचा मोठा भाग तिच्याकडे गेला. पुढे सरकारने ती कंपनीच विकत घेतली आणि १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. कर्नल बॅलार्ड हे त्याचे पहिले अध्यक्ष. १८७५ मध्ये ससून गोदी, १८८० मध्ये प्रिन्सेस, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया. या गोद्या कर्ज काढून उभारल्या किंवा विकत घेतल्या होत्या, आणि कर्जावरचे व्याज जहाजांच्या व मालाच्या शुल्कातून भागायचे. बंदर बंद पडले तर फक्त व्यापारी बुडत नव्हता, हे लक्षात ठेवा.

आता नियम ठरवत कोण होते? बहुतेकांना वाटते की मुंबईचा गव्हर्नर. प्रत्यक्षात ठरत होते पॅरिस, इस्तंबूल, व्हेनिस आणि अलेक्झांड्रिया इथे.

१८६५ च्या हजमध्ये मक्केत पटकीने (कॉलऱ्याने) हजारो यात्रेकरू दगावले आणि ती साथ इजिप्तमार्गे युरोपात पोहोचली. दुसऱ्याच वर्षी इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि पटकीचे माहेर हिंदुस्थान असे ठरले. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि मुंबई युरोपच्या दाराशी आली. भूमध्य समुद्रावरच्या देशांचे म्हणणे होते की हिंदुस्थानातून येणारे प्रत्येक जहाज रोखून धरा. ब्रिटिशांचे म्हणणे होते की क्वारंटाइन जुनाट प्रकार आहे, त्याऐवजी नुसती वैद्यकीय तपासणी पुरे. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर कनिंगहॅम तर पटकी माणसाकडून माणसाला लागते हेच मानायला तयार नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचा जंतू दाखवल्यावरही सरकारी मत सहजी बदलले नाही. यात वैज्ञानिक मतभेद नव्हता असे मी म्हणणार नाही. तो होता. पण कालव्यातून जाणाऱ्या बहुसंख्य जहाजांवर ब्रिटिश बावटा होता आणि रोग स्पर्शाने पसरतो हे कबूल केले असते तर प्रत्येक जहाजाची खोटी आपोआप कबूल झाली असती. दप्तरातली पत्रे ओळीने वाचली की हे लपत नाही.

इथला कायदा होता १८७० चा. अगदी छोटा, सरकारला क्वारंटाइनचे नियम करण्याचा अधिकार देणारा. नियम मोडणाऱ्याला शिक्षा आधीच लिहून ठेवलेली होती : भारतीय दंडविधानाचे कलम २७१, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तांडेल असो की मेल बोटीचा कप्तान, कलम सगळ्यांना सारखेच. नियम मात्र सारखे नव्हते, आणि इथेच कंत्राट आत शिरते.

१८९२ च्या व्हेनिस परिषदेत एक तोडगा निघाला. जहाज क्वारंटाइनमध्ये असतानाच त्याला कालवा ओलांडू द्यायचा, फक्त किनाऱ्याशी संपर्क येऊ द्यायचा नाही. रोग असलेल्या जहाजावर स्वतःचा डॉक्टर आणि कपडे वाफेने शुद्ध करण्याची भट्टी असेल तर त्याला सौम्य वागणूक. नसेल तर सुएझजवळ मोझेसच्या विहिरींपाशी अडकून पडायचे. कागदावर हे न्याय्य दिसते. पण डॉक्टर आणि भट्टी कोणाकडे होती? पी अँड ओ सारख्या मोठ्या कंपन्यांकडे. या कंपनीकडे १८५४ पासून मुंबई-सुएझ टपालाचे सरकारी कंत्राट होते. ब्रिटिश इंडिया कंपनीला १८६२ मध्ये मुंबईहून इराणच्या आखातात टपाल नेण्याचे कंत्राट मिळाले. टपालाच्या कंत्राटात वेळापत्रक बांधलेले असते. त्याच्या बदल्यात सरकारकडून ठरलेली रक्कम मिळते, आणि त्या खात्रीच्या उत्पन्नावर डॉक्टर ठेवणे, यंत्र बसवणे परवडते. म्हणजे सरकारी पैशाने जी बोट नियमात बसेल अशी तयार झाली, तिच्यासाठीच नियम सोपा झाला. जुन्या भाड्याच्या आगबोटी, आखातातली गलबते, फत्तेमाऱ्या यांच्या वाट्याला तोच नियम पुऱ्या वजनाने आला.

यात कोणी टेबलाखालून काही केले असे मला म्हणायचे नाही. तसे करण्याची गरजच नव्हती. माझ्या नोकरीतही मी हे पाहिले आहे : मोठ्या लाइनचे कागद तयार असतात, म्हणून त्यांचे काम तासाभरात होते. लहान मालकाच्या जहाजाचा एक दाखला कमी पडतो आणि त्याचा दिवस जातो. अधिकारी दोघांशीही नियमानेच वागलेला असतो.

आता प्लेग. २३ सप्टेंबर १८९६ ला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत पहिला रोगी ओळखला. मांडवी म्हणजे मस्जिद बंदराला लागून असलेली धान्याच्या गुदामांची पेठ, हे नकाशात पाहून ठेवा. पुढच्या चार-पाच महिन्यांत सुमारे चार लाख माणसे मुंबई सोडून गेली, शहराची जवळजवळ निम्मी वस्ती. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला, आणि त्यानंतर १२ दिवसांनी, १६ फेब्रुवारीला, व्हेनिसमध्ये प्लेगवरची आंतरराष्ट्रीय परिषद सुरू झाली. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर समोर येते. युरोपातले देश हिंदुस्थानी मालावर बंदी घालण्याची भाषा करत होते. 'आम्ही आमच्या शहरात कडक उपाय करतो आहोत, आमचा माल अडवू नका' हे सांगण्यासाठी सरकारला हातात काहीतरी हवे होते. बंदर चालू ठेवायचे होते म्हणून शहरात जबरदस्ती झाली. जनरल गटॅकरची प्लेग समिती, घरांच्या झडत्या, इस्पितळे, छावण्या, हे सगळे त्या व्यवहारात दिलेले मोल होते. पुण्याचा रँड सगळ्यांना माहीत आहे. गोदीच्या फाटकावर बगला आणि जांघा तपासून सोडलेले हजारो डेकचे उतारू कोणाला आठवत नाहीत.

त्या साथरोग कायद्याला अवघी चार कलमे होती. सगळे जण त्यातल्या जप्तीच्या आणि तपासणीच्या अधिकारांबद्दल लिहितात. मला दुसऱ्या कलमातले एक वाक्य जास्त महत्त्वाचे वाटते : उपाययोजनेचा खर्च, आणि नुकसानभरपाई दिलीच तर तीसुद्धा, कोणी आणि कशी सोसायची हे सरकार ठरवील. चौथ्या कलमाने, सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल दावा लावण्याची वाटही बंद केली. खोटी कोणाच्या माथी, हे ठरवण्याचा हक्क अशा रीतीने कायद्यानेच सरकारकडे गेला.

व्हेनिसच्या १८९७ च्या करारात जहाजांचे तीन वर्ग केले : रोगग्रस्त, संशयित आणि निरोगी. जहाजावर प्लेग आहे किंवा गेल्या १२ दिवसांत नवा रोगी निघाला तर रोगग्रस्त. निघताना किंवा वाटेत रोगी होता पण १२ दिवसांत नवा नाही तर संशयित. रोगाचा उबवणीचा काळ १० दिवस धरला होता. साथीच्या बंदरातून सुटणाऱ्या प्रत्येक माणसाची तपासणी चढण्याआधी, जमिनीवर, दिवसाउजेडी आणि एकेकट्याची झाली पाहिजे, असेही ठरले. हे काम मुंबईतल्या डॉक्टरांच्या गळ्यात पडले. मालाची एक यादी केली : वापरलेले कपडे आणि अंथरुणे, चिंध्या, जुनी पोती, गालिचे, कच्ची कातडी, खूर, केस. यांच्यावर बंदी घालता येईल किंवा शुद्धीकरण मागता येईल. पत्रे, वर्तमानपत्रे, व्यापारी कागद पूर्ण मोकळे. धान्य यादीत नव्हते, नवी कापसाची गासडीही नव्हती.

इथे थोडे थांबा, कारण हा भाग मला आजही अस्वस्थ करतो. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवले की प्लेग उंदराच्या पिसवेतून जातो. उंदीर कुठे असतो? धान्याच्या गुदामात आणि जहाजाच्या तळाशी. म्हणजे ज्या मांडवीत साथ उघडी पडली तिथला मूळ माल यादीबाहेर होता, आणि गावाकडे पळणाऱ्या माणसाची गोधडी यादीत होती. नियम करणाऱ्यांना १८९७ मध्ये पिसूबद्दल माहीत नव्हते, हे खरे. पण अज्ञानातही निवड झालीच. कशावर संशय घ्यायचा हे ठरवताना ज्या मालामागे मोठा व्यापार होता तो सुटला आणि गरिबाचे गाठोडे अडकले. सिमाँच्या शोधाला त्या वेळी बहुतेकांनी नाक मुरडले. १९०३ च्या पॅरिस करारात मात्र उंदरांचा विचार आला, निरीक्षणाचे दिवस कमी झाले, आणि गंधकाचा धूर सोडून जहाजातले उंदीर मारण्याची यंत्रे आली.

एका प्रकारची वाहतूक मात्र सरकारने खरोखर बंद केली : हजची. १८९७ मध्ये मुंबई आणि कराचीहून यात्रेकरू नेण्यास मनाई झाली. पुढे काही वर्षे चितगावकडून वाट दिली गेली. कापूस चालू, टपाल चालू, यात्रा बंद. युरोपला दाखवायला बंदराचा कोणता दरवाजा बंद करायचा, हे त्या दरवाजाने कोण जाते यावरून ठरले.

हजच्या वाहतुकीत कंत्राट आणि क्वारंटाइन सगळ्यात जवळ येतात, म्हणून तुमच्या प्रबंधासाठी मी हाच विषय सुचवीन. १८८६ मध्ये सरकारने हजच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक या प्रवासी कंपनीकडे दिली. गर्दीने भरलेल्या जुन्या बोटी, दलालांची लूट, वाटेतले मृत्यू यांवर युरोपात टीका होत होती. नामांकित कंपनी नेमली की टीकेला उत्तर मिळेल, असा हिशेब होता. कुकने अट घातली की तोटा झाला तर सरकारने भरून द्यावा. कुककडे रेल्वे आणि बोटीची तिकिटे एकत्र देण्याची चांगली यंत्रणा होती, पण बोटी मालकांच्या होत्या, भाडे मालक आणि दलाल ठरवत, आणि तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावरचे क्वारंटाइन तुर्की सरकारच्या ताब्यात होते. १८८२ पासून हिंदुस्थानातून येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला तिथे उतरावे लागे आणि त्याची पट्टी स्वतःच्या खिशातून भरावी लागे. ज्या गोष्टींनी यात्रेकरू पिडला जात होता त्यातल्या फारच थोड्या कंत्राटदाराच्या हातात होत्या. १८९३ मध्ये ही व्यवस्था संपली. पाहा : मेलच्या बोटीची खोटी झाली तर ती मालकाला आणि सरकारला बोचत होती, म्हणून तोडगा निघाला. कामरानची खोटी यात्रेकरूच्या शिदोरीतून जात होती, म्हणून ती तशीच राहिली.

आता शुद्ध सरकारी पुरवठ्याची कंत्राटे. तुम्ही विचारलेल्या काळाच्या जरा आधीचे, पण सगळ्यात बोलके उदाहरण १८६७-६८ च्या ॲबिसीनिया (आजचा इथिओपिया) मोहिमेचे आहे. तिथल्या सम्राट थिओडोरने युरोपियनांना कैद केले म्हणून मुंबईचे सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर यांची फौज निघाली. सुमारे १३,००० सैनिक, त्यांच्या दुप्पट नोकर-चाकर आणि हमाल, ४०,००० च्या आसपास जनावरे, त्यात ४४ हत्ती. हे सगळे तांबड्या समुद्रातल्या झुला बंदरात उतरवायचे. तिथे गोडे पाणी नव्हते. जहाजांवरच्या यंत्रांनी समुद्राचे पाणी ऊर्ध्वपातन करून प्यायला दिले. मुंबई हा मोहिमेचा मुख्य तळ. रसद पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गटात नसरवानजी टाटा होते. जमशेटजींचे वडील. १८६५ च्या कापूस मंदीत त्यांचा व्यवहार पार खचला होता आणि या कंत्राटाने त्यांना सावरले. मोहीम १३ एप्रिल १८६८ ला थिओडोरचा मगदाला किल्ला पडल्यावर अपेक्षेपेक्षा लवकर आटोपली. अंदाज सुमारे ५० लाख पौंडांचा होता, खर्च ८० लाखांच्या वर गेला आणि लंडनच्या पार्लमेंटने चौकशी समिती नेमली.

अशा कंत्राटाची पद्धत साधी होती. सरकारी गॅझेटात जाहिरात, मोहोरबंद निविदा, सोबत अनामत, आणि वेळेवर माल न दिल्यास सरकार बाजारातून घेऊन फरक वसूल करील ही अट. वरवर सर्वांना खुले. पण अनामत भरायची आणि सरकारी बिल महिनोन्‌महिने अडकले तरी तग धरायचा, तर मागे पेढी हवी. म्हणून कंत्राटे फिरून फिरून थोड्याच घरांत जात. लायकी आणि भांडवल यांची अशी गल्लत झालेली मी माझ्या काळातही पाहिली. झुलातही तेच झाले : जनावरे पुरवली गेली, पण खोगिरे आणि सांभाळणारी माणसे वेळेवर आली नाहीत, शिवाय घोड्या-खेचरांत साथ शिरली आणि किनाऱ्यावर जनावरांचा खच पडला. जनावर पुरवणाऱ्याचे कंत्राट मात्र पूर्ण झालेले होते.

गोदीतल्या माणसांचेही कंत्राटच होते. पोर्ट ट्रस्टची मजुरी टोळीवाल्यांमार्फत चाले. टोळीवाला घाटावरून आलेले हमाल जमवायचा, ट्रस्ट त्याला कामाप्रमाणे पैसे द्यायचा, हमालाच्या हातात काय पडायचे ते टोळीवाला आणि मुकादम ठरवायचे. जहाज क्वारंटाइनमध्ये अडकले तर त्या दिवशी टोळी रिकामी, आणि रिकाम्या दिवसाची मजुरी नाही. खोटीच्या साखळीतली ही शेवटची कडी. ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात प्लेगच्या तपासणीवरून दंगल उसळली, त्यानंतर गोदी कामगार आणि गाडीवानांनी काम थांबवले, आणि तपासण्यांची धार कमी करण्याचा विचार सरकारला करावा लागला. वर्षभर अर्ज-विनंत्यांनी न झालेले गोदी थांबल्याबरोबर झाले. टोळीवाल्यांची पद्धत पुढे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत टिकली. गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा १९४८ चा आहे.

तुम्ही पुराभिलेखागारात जाल तेव्हा जनरल डिपार्टमेंटच्या प्लेगच्या खंडांपासूनच सुरुवात कराल, सगळे तसेच करतात. त्यासोबत त्याच महिन्यांचे मरीन डिपार्टमेंटचे खंड आणि पोर्ट ट्रस्टचा वार्षिक अहवाल मागवा. जहाजाचे नाव धरून तिन्ही ठिकाणी शोधा. डॉक्टर होता का, भट्टी होती का, टपाल होते का, डेकचे उतारू किती, किती दिवस थांबवले आणि त्या दिवसांचे जेवण कोणाच्या नावे खर्ची पडले, एवढे रकाने आखून घ्या. जेवणाचा रकाना बहुतेक वेळा सरकारी पत्रात नसतो. तो मालकाच्या तक्रारअर्जात, किंवा उतारूंच्या वतीने कोणी लिहिलेल्या अर्जात, शेवटच्या पानावर सापडतो. अर्ज वाचायचा कंटाळा करू नका.